इटालियन एनफिल्ड १८५३: टोपी फुटते, पण बार उडत नाही

१८५३ नमुन्याची एनफिल्ड म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची ब्रिटिश लष्करी रायफल. तिची नवी प्रतिकृती घेतलेल्यांची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते. हॅमर पडतो, टोपी (ठोक्याने पेटणारी छोटी स्फोटक वाटी) फुटते, धूर निघतो आणि नळीतला बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, तसाच राहतो. दुसरी टोपी लावली की कधी उडतो, कधी नाही. मग दारू बदलली जाते, टोप्यांचा डबा बदलला जातो, निपल (टोपी जिच्यावर बसते ती आरपार भोकाची छोटी नळी) बदलले जाते, आणि पुढच्या सरावाला पुन्हा तेच. हे असे होते कारण दुरुस्ती अंदाजाने चाललेली असते. टोपीपासून दारूपर्यंत आगीला जेमतेम दीड-दोन इंचांची वाट आहे. ती कुठे अडली हे आधी शोधायचे, सुटे भाग त्यानंतर.

खाली लिहिलेले ब्रेशिया परिसरात बनलेल्या प्रतिकृतींना लागू आहे: पेडरसोली, आर्मी स्पोर्ट म्हणजेच कियाप्पा, आणि आता बंद झालेली युरोआर्म्स. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने बनवलेल्या जुन्या प्रतींनाही बहुतेक सगळे लागू पडते; मात्र आट्यांची मापे वेगळी असू शकतात, त्याबद्दल पुढे येईल.

आधी लक्षण नीट ओळखा

तीन वेगवेगळ्या बिघाडांना लोक सरसकट ‘मिसफायर’ म्हणतात. पहिल्या ठोक्याला टोपी फुटतच नाही आणि दुसऱ्या ठोक्याला फुटते, हा दोष टोपीच्या बसण्यात किंवा हॅमरमध्ये असतो. नळीशी त्याचा संबंध नाही. टोपी कडक फुटते पण बार उडत नाही, तेव्हा वाट बंद आहे किंवा दारू वाटेच्या तोंडाशी पोहोचलेली नाही. आणि टोपी फुटल्यावर क्षणभर थांबून बार उडतो, तेव्हा वाट अर्धवट तुंबलेली आहे किंवा दारू दमट आहे.

दुसरी गोष्ट, हे कितव्या बाराला होते ते पाहा. दिवसाचा पहिलाच बार दगा देत असेल तर आत तेल आहे. पहिले आठ-दहा सुरळीत जाऊन मग अडत असेल तर काजळी आहे. कधीही, कसाही दगा देत असेल तर निपल, हॅमर आणि लॉक (हॅमर चालवणारी यंत्रणा) तपासायला घ्या. एवढ्या दोन प्रश्नांत अर्धे काम होते.

बार उडाला नाही तर त्या क्षणी काय करायचे

नळी निशाणाच्या दिशेलाच धरून ठेवा. किमान १ मिनिट हलू नका, कारण उशिरा पेटणारा बार याच वेळात उडतो. मग हॅमर अर्ध्या घोड्यावर (अर्धवट चढवून अडकवलेल्या स्थितीत) आणून नवी टोपी लावा आणि पुन्हा चाप ओढा. दोन टोप्या वाया गेल्या तर आणखी टोप्या जाळत बसू नका. १ मिनिट थांबून निपलच्या भोकात बारीक तार फिरवा. तरीही नाही झाले तर पुन्हा तेवढेच थांबून निपल काढा, त्याच्या खालच्या खळग्यात बारीक दाण्याच्या, म्हणजे ३एफ दारूचे मोजके दाणे सोडा, निपल परत घट्ट बसवून टोपी लावा. बहुतेक बार यात निघतात.

मात्र त्याआधी गज (गोळी ठासायची सळई) नळीत घालून गोळी दारूवर टेकलेली आहे ना, हे गजावरच्या खुणेने पाहिलेच पाहिजे. या वेळी डोके आणि अंग नळीच्या तोंडासमोर येऊ देऊ नका, गज बोटांच्या चिमटीत धरा. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली आणि बार उडाला तर नळी तिथे फुगते, कधी फाटतेही. त्यासाठी गजावर दोन खुणा कायम कोरून ठेवाव्यात: एक रिकाम्या नळीची, दुसरी तुमच्या नेहमीच्या भरणीची.

दारू घालायचीच राहून गेली आणि नुसती गोळी ठासली गेली, हेही होते. तेव्हा निपलखाली ३एफचे थोडे दाणे घालून ती बाहेर ढकलता येते, किंवा कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारे उपकरण वापरता येते. गोळी स्क्रूने ओढून काढायची वेळ आली तर आधी निपल काढून त्या भोकातून पाणी सोडा आणि दारू पूर्ण भिजू द्या. कोरड्या दारूवर बसलेली गोळी ओढू नये. ब्रीच प्लग, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचे बूच, उघडायचा विचारही मैदानावर करू नका.

पहिला बार दगा देतो: तेल

घरी रायफल स्वच्छ करून, नळीला तेलाचा हात देऊन ती दस्त्यावर उभी ठेवली जाते. नळीतले तेल हळूहळू उतरते आणि सगळ्यांत खाली, म्हणजे ब्रीचमध्ये आणि बोल्स्टरच्या वाटेत साचते. निपल ज्या पोलादी उंचवट्यात बसते तो बोल्स्टर. त्यातली वाट निपलखालून सुरू होऊन वळण घेऊन नळीत उघडते, आणि त्या वळणावर तेलाचा एक थेंबही आग विझवायला पुरतो. वर दारू ओतली की तिचे पहिले दाणे तेच तेल शोषून घेतात. मग टोपी कितीही जोरात फुटली तरी काही होत नाही.

उपाय सोपा आहे. तेल लावल्यावर रायफल तोंड खाली करून, खाली फडके ठेवून उभी करा. मैदानावर भरणीआधी दोन-तीन कोरडी फडकी नळीत फिरवा आणि पाइप क्लीनरने बोल्स्टर पुसून घ्या. मग गजाने नळी रिकामी असल्याची खात्री करून, नळीचे तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्यापासून चार बोटे दूर धरा आणि नुसती टोपी उडवा. पाते हलले तर वाट मोकळी आहे. नाही हलले तर बार भरू नका, पुन्हा साफ करा. पहिली टोपी तेल जाळण्यात जाते, म्हणून दोन-तीन टोप्या उडवाव्यात. शेवटच्या टोपीनंतर एक कोरडे फडके ब्रीचपर्यंत नेऊन बाहेर काढा. त्यावर जळका डाग दिसला तर आग आतपर्यंत पोहोचते आहे, ओला पिवळा डाग दिसला तर अजून तेल आहे.

आठ-दहा बारांनंतर अडते: काजळी

काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून मागे उरतो. तो हवेतला ओलावा ओढतो. कोरड्या हवेत तो कडक होतो, दमट हवेत चिखल होतो. गोळी ठासताना हा राप खाली ढकलला जातो आणि बोल्स्टरच्या तोंडाशी जमतो. वंगण कमी असेल तर हे लवकर होते.

मूळ रायफलीलाही या रापाने छळले होते. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात इंग्रजी शिपायांना राप धरलेल्या नळीत प्रिचेटची (मूळ कागदी काडतुसातली) गोळी खाली नेणे कठीण झाले, आणि पुढे तिचा व्यास ०.५६८ इंचावरून ०.५५ इंचावर आणला गेला. आज बहुतेक जण कागदी काडतुसाऐवजी ०.५७५ इंचाच्या आसपासची मिनिए गोळी (मागे पोकळी असलेली, दारूच्या दाबाने पसरणारी) वापरतात, ती नळीत जास्त घट्ट जाते. म्हणून वंगणाची हयगय चालत नाही. गोळीच्या तिन्ही खाचा भरतील इतके मेण आणि मेंढीच्या चरबीचे मिश्रण लावा. उन्हाळ्यात मेण वाढवा, थंडीत चरबी. खनिज तेलावर बनवलेले वंगण काळ्या दारूबरोबर डांबरासारखा चिकट थर करते, ते टाळा. गोळीच्या मागच्या पोकळीत मात्र वंगण भरू नका. तिथले वंगण उन्हात वितळून थेट दारूत उतरते आणि उशिरा पेटणाऱ्या बारांचे हे एक दुर्लक्षित कारण आहे.

दर दहा बारांनंतर किंचित ओलसर फडके एकदा आणि त्यावर कोरडे एकदा. ओलसर म्हणजे पिळून घेतलेले. पाणी ठिबकणाऱ्या फडक्याने राप विरघळून तोच बोल्स्टरमध्ये जातो आणि पुढचा बार हमखास अडतो.

पूर्ण सफाईसाठी निपल काढा, लॉक काढून बाजूला ठेवा, आणि कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाला. निपलच्या आट्यांत बसणारी नळी मिळते. तिचे दुसरे टोक बादलीत सोडून गजाला फडके गुंडाळून पंपासारखे वर-खाली केले की पाणी बोल्स्टरमधून आत-बाहेर होते आणि वाट खऱ्या अर्थाने धुतली जाते. पाणी स्वच्छ येऊ लागले की कोरडी फडकी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक फडके. अल्कोहोल उरलेले पाणी बरोबर घेऊन उडते. नळीत बारीक दिवा सोडून ब्रीच पाहा. तळाशी बोअरपेक्षा (नळीच्या आतल्या व्यासापेक्षा) अरुंद कप्पा दिसला तर नेहमीचे फडके तिथे पोहोचतच नाही, त्यासाठी छोट्या बोअरचा ब्रश घ्यावा लागेल. सपाट तळ असेल तर ब्रीच खरवडायचे सपाट पाते पुरते.

बोल्स्टरच्या बाजूला एक सफाईचा स्क्रू असतो. दर वेळी तो उघडायची गरज नाही. उघडायचाच तर खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रू-ड्रायव्हर हवा, कारण तो जळून बसलेला असतो आणि खाच एकदा उडाली की मग ड्रिलचेच काम. परत लावताना आट्यांना तापमान सहन करणारे अँटी-सीझ लावा.

पहिला ठोका वाया, दुसऱ्याला फुटते: निपल आणि टोपी

चार किंवा सहा पाकळ्यांची मस्केट टोपी निपलच्या शंकूवर अगदी तळापर्यंत बसली पाहिजे, म्हणजे आतला स्फोटक थर शंकूच्या टोकाला टेकतो. कारखान्यातून आलेल्या निपलचा शंकू बऱ्याचदा थोडा जाड असतो. टोपी वरच अडते, पहिला ठोका तिला खाली बसवण्यात खर्च होतो आणि दुसरा ठोका फोडतो. खात्री करायची तर रिकाम्या रायफलीवर टोपी लावून लाकडी काडीने दाबा. दाबलेली टोपी दर वेळी पहिल्या ठोक्याला फुटत असेल तर दोष शंकूचा आहे. धातूच्या वस्तूने टोपी कधीही दाबू नका.

शंकू बारीक करण्यासाठी निपल ड्रिलमध्ये पकडा, वेग कमी ठेवा, ४०० नंबरचा वॉटर पेपर शंकूवर काही सेकंद धरा आणि टोपी बसवून पाहा. पुन्हा थोडे, पुन्हा पाहा. उतार बदलू नये आणि उंची कमी होऊ नये, एवढे जपा. नळी खाली केल्यावर टोपी गळून पडू लागली तर प्रमाणाबाहेर घासले गेले, ते निपल गेले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टोप्यांचा आतला व्यासही वेगळा असतो, म्हणून शंकूला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीची टोपी बसवून पाहा. आरडब्ल्यूएस १०८१ ही जोरदार टोपी मानली जाते आणि दारूऐवजी पायरोडेक्ससारखा पर्याय वापरणाऱ्यांनी तीच घ्यावी, कारण पर्यायी दारू पेटायला खऱ्या काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. एनफिल्डला खरी काळी दारूच योग्य, असे आमचे ठाम मत आहे.

निपलचे भोकही पाहा. चांगल्या निपलचे भोक साधारण ०.७ मिलिमीटर असते. बार मोजून ते मोठे होत जाते, आणि १ मिलिमीटरच्या घरात गेले की वायू उलटा येऊन हॅमर मागे ढकलतो. बार उडाल्यावर हॅमर अर्ध्या घोड्यावर उभा दिसला तर तार आणि मापपट्टी घेऊन निपल तपासा. वापरलेले निपल काही शेकडो बारांनंतर बदलणे हा खर्च नाही, देखभाल आहे.

नवे निपल घेताना खरी मेख आट्यांची. काही प्रतिकृतींना ८ मिलिमीटरचे मेट्रिक आटे असतात, काहींना ५/१६ इंचाचे. व्यासात फरक इतका कमी की चुकीचे निपलही दोन-तीन फेरे सहज आत जाते, मग अडते, आणि जोर लावला की बोल्स्टरचे आटे कापले जातात. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका; जुन्या निपलवर थ्रेड गेज ठेवून पिच (आट्यांमधले अंतर) मोजा. निपलची कडा बोल्स्टरवर सपाट टेकली पाहिजे. कडा टेकण्याआधी आटे संपले तर वायू बाजूने निसटतो, आणि निपलचे टोक आत फार वर राहिले तर खाली पोकळी उरते, तिथे तेल साचते.

हॅमर, कमान आणि फार आवळलेले स्क्रू

निपलच्या टोकाला मार्करची शाई लावा, हॅमर हाताने धरून सावकाश खाली आणा आणि आतली खूण पाहा. खूण मध्यभागी हवी. एका कडेला असेल तर टोपी तिरकी चेपते. हॅमरच्या पोकळीची कड बोल्स्टरला आधी टेकत असेल तर टोपीपर्यंत पूर्ण जोर पोहोचत नाही. पोकळीत आधीच्या टोप्यांचे तांब्याचे तुकडे अडकलेले असतात, तेही टोचणीने काढा.

पण हॅमरला कानस लावण्याआधी लॉक धरून ठेवणारे दोन आडवे स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा. हॅमर एकदम चपळ पडू लागला तर रोग तिथेच होता. हे स्क्रू ताकदीने आवळले की लॉकचे आतले भाग लाकडावर घासतात. दमट ऋतूत लाकूड फुगल्यावर हाच प्रकार आपोआप होतो. लॉक काढून लाकडाच्या खाचेत पाहा, घासल्याचे चकचकीत किंवा काळे डाग दिसतील. तेवढेच लाकूड धारदार पटाशीने कागदाएवढे खरवडा.

कमान (हॅमरला जोर देणारी स्प्रिंग) खरोखर मऊ पडली असेल तर बदला, ताणून वाकवू नका. लॉक उघडण्याचा क्रम ठरलेला आहे. हॅमर पूर्ण चढवा, मेन स्प्रिंगला शिकंजा लावा, हॅमर हळू खाली आणा, कमान सुटी होते. मग सीअरची, म्हणजे चापाच्या खटकीची, छोटी कमान, सीअर, ब्रिडल (आतले भाग धरणारी पट्टी), हॅमरचा स्क्रू, हॅमर, आणि शेवटी पितळी पंचाने टंबलर (हॅमरला जोडलेला आतला खाचेचा तुकडा). जोडताना उलट क्रम. शिकंजा नसताना पक्कडीने कमान काढायला गेलेल्यांच्या कमानी मोडलेल्या असतात. अर्ध्या घोड्यावर असताना चाप ओढून हॅमर पडत असेल तर ती रायफल भरूच नये. टंबलरची खाच कानसीने सुधारू नका, पोलादावरचा कडक थर निघून जातो. टंबलर आणि सीअर दोन्ही नवे बसवून घ्या, तेही बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून.

विकत घेतानाच टाळता येणारे

जुनी प्रतिकृती घेताना आधी प्रूफचे (नळीच्या दाबचाचणीचे) शिक्के शोधा. इटलीच्या गार्डोने व्हाल त्रोंपिया येथील प्रूफ हाउसचा शिक्का आणि चौकटीतली वर्षाची अक्षरे नळीवर असतात. एए म्हणजे १९७५, बीए म्हणजे १९९१. शिक्का नसलेल्या नळीत दारू घालू नका. भारतात बनून परदेशात शोभेची म्हणून विकली जाणारी ठासणीची बंदूक स्वस्त मिळते आणि बऱ्याचदा तिला रंजकाचे छिद्रच (आग आत जायचे भोक) नसते. घरी छिद्र पाडून ती चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, त्या नळीची चाचणी कुणी केलेली नसते.

नळीत घट्ट फडके सरकवा. मध्येच एका जागी ते सैल जाणवले तर तिथे नळी फुगलेली आहे, सौदा सोडा. शेवटच्या चार इंचांत गंजाचे खड्डे असतील तर राप तिथे धरून बसतो आणि वरचे सगळे उपाय निम्मेच लागू पडतात. निपल विकणाऱ्याकडूनच काढून घ्या. निघत नसेल तर आट्यांचे पुढे काय होणार हे उघड आहे. बोअर मोजून घ्या, कारण ०.५७७ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात दोन-तीन हजारांश इंच इकडे-तिकडे असते. गोळीचा साचा मोजमापानंतर, बोअरपेक्षा एक-दोन हजारांश इंच लहान. सुरुवातीची भरणी ५० ग्रेन, म्हणजे सुमारे ३.२ ग्रॅम २एफ (३एफपेक्षा जाड दाण्याची) काळी दारू. मूळ लष्करी भरणी ६८ ग्रेनची होती, पण आजच्या मिनिए गोळीची पातळ कडा तेवढ्या दाबाने नळीबाहेर पडताना पसरते आणि नेम बिघडतो.

कायद्याचे थोडक्यात. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यात अशा ठासणीच्या प्रतिकृतींना सूट आहे, राज्यांचे नियम मात्र वेगळे. इंग्लंडमध्ये चालवण्यासाठी फायरआर्म सर्टिफिकेट लागते आणि काळ्या दारूसाठी वेगळा परवाना. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ खाली ठासणीची बंदूकही परवान्याशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे परदेशात घेतलेली रायफल सामानात घालून गावी आणू नका.